वाढव आता

सुचिता, तू काल रसवंतीवर सगळ्यांसमोर म्हणली नं, का वैभे, आता बेकरी वाढव, अन मी अर्धा गिलास रस तसाच ठेवून उठून गेली, रूपाली मांगून हाका मारून राह्यली तरी वळून पाह्यलं नाही, तं तुमाले वाटलं असंन का हिले राग आला. राग नाही आला व. तू चांगल्याच मनानं म्हणली. पण तो शब्द आयकू आला का माह्याच्यानं तिथं बसनं होत नाही आता. काहून ते सांगतो. फक्त मधात कोणी बोलू नका, नाहीतं माह्याच्यानं पुरं सांगनं होणार नाही.

आत्याले तुमी पाह्यलं हाय, पण खिडकीतूनच. अर्ध्या मानोरा गावानं तिले खिडकीतूनच पाह्यलं. चतुराबाई, माह्या बाची मोठी बहीण. तिचा नवरा अकोल्याले एका बेकरीत कामाले होता, तिथून तो हे काम शिकून आला, मांगच्या अंगणात ईटा-मातीची भट्टी त्यानंच बांधली, अन भट्टी बांधल्यावर तीन वर्षांनी गेला. तवा मुकेश, तिचा पोरगा, पाचवीत होता. आत्यानं भट्टी थंडी नाही होऊ देली. गल्लीकडच्या खोलीले एक खिडकी होती, तिचे गज काढले, खाली फळी ठोकली, झालं दुकान. पाटी नाही, नाव नाही. लोक म्हणत, चतुराबाईचा पाव. मुकेश मोठा होऊन वाशिमले नोकरीले लागला, अन मी बी. कॉम. करून घरी बसली तं बा म्हणे, जाय आत्याकडं, तिलेबी हात होईन अन तूबी काही शिकशीन. दोन वर्षं झाले त्याले.

आता उद्या किती लाद्या करायच्या हे ती कशी ठरवे, ते सांगतो, कारण त्याच्याशिवाय बाकीचं समजणार नाही. आमची लादी आठ पावांची. आत्याजवळ एक बरणीभर चिंचोके होते अन एक स्टीलची वाटी. एक चिंचोका म्हणजे एक लादी. दुपारी चार वाजले का ती वाटी मांडीजवळ घेऊन खिडकीत बसे अन एक-एक चिंचोका टाकत जाय. बस स्टँडवरच्या मिसळवाल्या रंगरावच्या दहा, त्या ठरलेल्या. बाजाराचा दिवस असला का जास्तीच्या बारा. चतुर्थी आली का दहा कमी. आभाळ भरून आलं का भजेवाल्याच्या चार. अन सगळ्यात भारी म्हणजे तांड्याचं. दिवाळी झाली का तांड्यावरचे लोक ऊस तोडाले निघून जातात, तं आत्या पंधरा चिंचोके उचलून बरणीत टाके अन म्हणे, गेले माहे लेकरं. गुढीपाडव्याच्या आसपास ट्रक परत येत. कोणी सांगाले यायची गरज नव्हती, ती पीठ मळता-मळता ट्रकचा आवाज आयके अन सांजच्याले पंधरा चिंचोके पुन्हा वाटीत.

अन सगळे टाकून झाले का शेवटी त्यातले दोन काढून घे. रोज. मी एकदा इचारलं, हे दोन काहून काढतं व आत्या. तं म्हणे, दोन गिऱ्हाईकं हात हालवत गेले तं उद्या लवकर येतील, पण दोन लाद्या उरल्या तं त्या रातभर माह्याकडं पाहात बसतात.

तिचं बोलनंबी तसंच होतं, वेगळं. काही गोष्टी ती तोंडातून काढतच नव्हती. दिवा विझव नाही म्हणायची, मोठा कर म्हणे. पहिल्याच आठवड्यात मी म्हणली, आत्या, मैदा संपला, तं पिठाचा हात माह्या तोंडावर ठेवला तिनं. वाढला म्हण, म्हणे. अन सांजच्याले शेवटचं गिऱ्हाईक गेलं का पदरानं मान पुसून म्हणे, "वाढव आता, पोरी." म्हणजे खिडकी लाव, आजचं झालं. दुकान बंद कर असं ती जन्मात म्हणली नसंन. दोन वर्षं रोज आयकलं मी ते. रोज. हे ध्यानात ठेवजा.

आता माहं आयका. मी काय, नवी-नवी, डोक्यात निरा वारं. मी मोबाईलमधी तक्ता केला. वार, किती लाद्या केल्या, किती गेल्या, किती उरल्या, कोणत्या वाराले सरासरी किती. व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला, का सांजच्या सातपर्यंत सांगा, सकाऊन लादी बांधून ठेवू. रंगरावनं पहिल्याच दिवशी त्या ग्रुपवर कोण्या देवाचा फोटो टाकला अन मंग सारेच फोटो टाकाले लागले, लादीचं कोणीच काही सांगे ना. आत्या हासून-हासून बेजार. मले म्हणे, तुह्या मोबाईलमधी ट्रकचा आवाज येते का? मी म्हणली, येईन, थांब जराशी. एका सोमवारी माहा तक्ता म्हणे चाळीस, आत्याची वाटी म्हणे सव्वीस. मी हट्ट केला, चाळीस केल्या, अन चौदा उरल्या. कोणत्यातरी उपासाचा सोमवार होता तो. आत्यानं सुरी घेतली. बसून त्या चौदा लाद्यांचे टोस्ट कापत राह्यली, अन मीच मनात म्हणत राह्यली का असं एक-दोन खेप होतेच, मोठं करायचं तं एवढं चालतेच.

कारण मले मोठं करायचं होतं. तुमाले मी किती वेळा सांगितलं, सांगा. पाटी लावू, पिशवीवर नाव छापू, मानोऱ्याच्या बाहीर पाठवू. आत्याची वाटी चाळीसच्या वर जातच नव्हती. भट्टीचा एक घाणा चाळीस लाद्यांचा, म्हणून चाळीस. दुसरा घाणा लावायचाच नाही, हे तिचं ठरलेलं. मले वाटे, चाळीसमधी माही जवानी चालली.

मंग रामनवमीच्या दहा-बारा दिवस आधी प्रेमसिंग आला. पोहरादेवीजवळच्या तांड्यावरचा माणूस, यात्रेत नाश्त्याचं दुकान लावते. खिडकीसमोर उभा राहून म्हणे, आत्याबाई, यात्रेचे तीन दिवस रोज चाळीस लाद्या जास्तीच्या पायजेत, पहाटे जीप पाठवतो, तुमाले काही करायचं नाही. मी मांगं उभी होती, माह्या अंगावर काटा आला व. चाळीसचे ऐंशी. अन आत्या म्हणे, नाही जमणार भाऊ. तिथल्या तिथं. प्रेमसिंग म्हणे, इचार करून सांगा, मी पुन्हा फोन करतो. तो गेल्यावर आत्या मले म्हणे, यात्रेची गर्दी आपली नसते बाई, आज हाय उद्या नाही, अन माहे हात चाळीसचेच हायेत.

तवा मी बोलली. नाही बोलायले पायजे होतं, पण बोलली. म्हणली, तुले भेव वाटते फक्त, तुह्यामुळं हे सारं खिडकीएवढंच राह्यलं. वाटी भरून झाली होती, दोन चिंचोके काढाले हात नेला तिनं, अन हात वाटीवरच थांबला. मंग वाटी माह्याकडं सरकवली अन म्हणे, घे, आज तू काढ. मले वाटलं रुसली. मी दोन काढले अन बरणीत टाकले.

ती थकली होती, व. मले दिसत नव्हतं असं नाही. महिना झाला, मळता-मळता ती मधातच थांबे अन परातीच्या काठाले कपाळ टेकून बसे. पाय सुजले होते, चप्पल जाईना पायात, तं मुकेशची जुनी चप्पल घाले. मी इचारलं का म्हणे, धुराचा तरास हाय, उन्हाळा हाय. अन मी मानून घे. मले मानून घ्यायचंच होतं.

यात्रेच्या आठवड्यात सोमवारी मुकेश आला. शेजारच्या ललिताबाईनं त्याले फोन केला होता, मी नाही. त्यानं आईले पाह्यलं अन म्हणे, आत्ताच्या आत्ता वाशिमले चाल दवाखान्यात. ती हो-नाही करत उठली. निघायच्या आधी तिनं काय केलं, ते मले आता रोज दिसते. वाटीतले चिंचोके सारे बरणीत ओतले. वाटी धुतली, पदरानं पुसली अन फळीवर पालथी ठेवली. मंग मांगं जाऊन भट्टीच्या तोंडावर हात ठेवला, वासराच्या पाठीवर ठेवते नं कोणी, तसा. मी दारात उभी होती, पाहून राह्यली होती. मले वाटलं, जायच्या आधी आवराआवर करून राह्यली. मले म्हणे, येतो. बस, एवढंच.

मंगळवारी चाळीस लाद्या मी अन ललिताबाईनं मिळून काढल्या. ललिताबाई आत्याची लग्नापासूनची शेजारीण, तिले भट्टीचं सारं माहीत. लाद्या चांगल्या निघाल्या, दुपारपर्यंत गेल्याबी. मले इतका हुरूप आला का सांगू नका. अन सांजच्याले प्रेमसिंगचा फोन, तिसऱ्यांदा. म्हणे, ताई, उद्यापासून गर्दी, हो का नाही ते आता सांगा, नाहीतं मी दिग्रसले पाहतो. मी म्हणली, दहा मिनिटं द्या. अन मुकेशले फोन लावला.

मुकेश म्हणे, डॉक्टर म्हणून राह्यले हार्ट वाढलं तिचं, अंगात पाणी झालं. मी आयकलं, हाव-हाव म्हणली, अन म्हणली, दे नं जरासा तिच्याजवळ. त्यानं फोन तिच्या कानाले लावला. तिचा श्वास आयकू येऊन राह्यला होता, घासल्यासारखा. अन मी, बरं वाटते का हे इचारायच्या आधी, एका दमात म्हणली, आत्या, प्रेमसिंग थांबला हाय, चाळीसच राहू देऊ का वाढवू, तू म्हणशीन तसं करतो.

तिचे दोन-तीन श्वास तसेच आयकू आले. मंग म्हणे, "वाढव आता, पोरी."

अन पुन्हा श्वास घेऊन म्हणे, "अन ये."

मी फोन ठेवला अन नाचलीच. खरं सांगतो, नाचली. ललिताबाई ओट्यावर बसून शेंगा निवडून राह्यली होती, तिले म्हणली, आत्या हो म्हणली, वाढव म्हणली. ललिताबाईचे हात थांबले. तिनं इचारलं, नेमकं काय म्हणली ते सांग. मी सांगितलं. ती माह्या तोंडाकडं पाहात राह्यली. मंग म्हणे, "मंग तू सकाऊनच्या गाडीनं वाशिमले जाय, वैभवी." मी म्हणली, जाईन नं, यात्रा झाली का जाईन, तीन दिवस तं हायेत, उगं तिथं जाऊन मी काय करू, दोन हात इथं पायजेत. ललिताबाई म्हणे, वाढव म्हणली नं ती? मी म्हणली, हाव. ती पुन्हा शेंगा निवडाले लागली. तिच्या मनात काय होतं ते तिनं सांगितलं नाही, अन सांगितलं असतं तरी मी त्या घडीले आयकलं नसतं. एक गोष्ट सांगू का? ते बोलनं आयकल्याबरोबर, नाचायच्याही आधी, माहा हात खिडकीच्या कडीकडं गेला होता. आपोआप. रोज जाय तसा. माह्या हाताले समजलं होतं, व. मीच हात मांगं घेतला.

बुधवारी पहाटे ऐंशी निघाल्या. दोन घाणे. ललिताबाई कामाले आली, खाली मान घालून मळत राह्यली. प्रेमसिंगची जीप आली, चाळीस लाद्या भरल्या, मी फोटो काढला, अन तो तुमी सगळ्यांनी पाह्यला. रूपाली, तू त्याच्यावर तीन हार्ट टाकले होते. चाळीस जीपमधी, चाळीस खिडकीत, मांगं मी पिठानं माखलेली, अन खाली लिहलं होतं, सुरुवात. आत्याले पाठवून दाखवीन म्हणली होती तो फोटो. तिच्याजवळ साधा फोन होता, मुकेशच्या फोनवर पाठवायचा राहून गेला.

दुपारी मुकेशचा फोन. म्हणे, आई इचारून राह्यली, निघाली का ती. मी पीठ मळून राह्यली होती, उन्हाळ्यात पीठ लवकर चढते, थांबता येत नाही, फोन खांद्यात धरला होता. म्हणली, तिले सांग मी वाढवले, ऐंशी केल्या आज, सगळ्या गेल्या, उद्याबी ऐंशी हायेत, परवा यात्रा झाली का पहिल्या गाडीनं येतो. मुकेशनं फोन बाजूले धरून तिले सांगितलं, मले आयकू आलं तो सांगतानी. मंग मी इचारलं, काय म्हणली? मुकेश जरासा थांबला अन म्हणे, हासली.

ते आयकून मले बरं वाटलं. हासली म्हणजे खुश झाली. रातच्याले झोपच आली नाही, व, उद्याच्या तक्त्यात मी शंभर लिहून पाह्यलं, मंग खोडलं, ऐंशीच ठेवलं.

गुरुवारी, रामनवमीच्या आदल्या दिवशी, पहिला घाणा साडेचारच्या सुमाराले निघाला. दुसरा पाचले दहा कमी असतानी भट्टीत घातला अन पाच वाजून दहा मिनिटांनी काढला. मी मोबाईल पाहून घालायची-काढायची वेळ लिहित होती, म्हणून मले पक्कं माहीत. ऐंशी लाद्या फळ्यांवर मांडल्या, वरून तेलाचा हात फिरवला, अन वास असा का गल्लीतले कुत्रे येऊन उभे. सहाले फोन वाजला. मले वाटलं प्रेमसिंग, जीप निघाली असंन.

मुकेश होता. त्यानं आधी वेळच सांगितली. म्हणे, पाच वाजून पाच मिनिटं झाले होते. मंग म्हणे, बारापर्यंत घेऊन येतो, लोकांले सांग.

मी ललिताबाईले सांगाले गेली नाही, ती माह्या आवाजानंच आली.

तेवढ्यात जीप आली. आज प्रेमसिंग सोता आला होता, दोन पोट्टे घेऊन, उद्या मोठा दिवस म्हणून. तो खिडकीशी आला, आतलं रडनं आयकलं, अन तिथंच चपला काढून उभा राह्यला. ललिताबाईनं त्याले सांगितलं. त्यानं एकदा फळ्यांवरच्या पावाकडं पाह्यलं. मंग मले म्हणे, ताई, आता हा पाव मले नेता नाही येणार, देवाच्या जागी सुतकाच्या घरचा पाव कसा नेऊ मी. हात जोडले त्यानं. खरं सांगतो, त्याचा काही दोष नव्हता, आपल्याकडंबी कोणी नेला नसता. रंगरावचा माणूसबी तसाच रिकाम्या हातानं वापस गेला. ऐंशी लाद्या फळ्यांवर. दोन लाद्या उरल्या तं तिले झोप येत नव्हती, अन मी तिच्या घरात ऐंशी मांडून बसली होती, ती घरी येऊन राह्यली होती तवा.

ती आली. आंगणात ठेवलं. लोक इतके आले, व. मले माहीतच नव्हतं का इतके लोक तिचे हायेत. तांड्यातांड्यावरून आले. ज्या ट्रकचा ती आवाज आयके त्या ट्रकमधले लोक. प्रेमसिंग दुकान पोट्ट्यांवर सोडून वापस आला, जीपभर माणसं घेऊन. माहा बा आला, आई आली. बा बहिणीच्या पायाजवळ बसला अन तिची ती मुकेशवाली मोठी चप्पल कोणीतरी दाराशी ठेवली होती, तिच्याकडंच पाहात राह्यला.

माणसं तिले घेऊन गेले अन बाया मांगं राह्यल्या. घरात चूल पेटवायची नव्हती. शेजारच्यांनी पिठलं-भाकर आणली, पण ती घरच्या दहा-पंधरा जणांपुरती, अन इथं दोनशे-अडीचशे माणूस, उन्हातानातून आलेलं, लहान लेकरं रडून राह्यले भुकेनं. चहा ललिताबाईच्या घरी टाकला होता, मोठ्या गंजात, बिनदुधाचा. तवा कोणीतरी म्हणलं, अन तो पाव? सारे फळ्यांकडं पाहाले लागले. खाता येते का नाही याच्यावर बोलनं झालं. सीताबाई म्हणजे आत्याची नणंद, सगळ्यात वयानं मोठी, तिनं मले जवळ बोलावून इचारलं, पोरी, पाव कवा काढला? मी म्हणली, पहाटे. ती म्हणे, मंग झालं, पाव आधीचा हाय, जीव मांगून गेला, काही शिवत नाही, वाटून द्या.

मी फळी उचलली. पहिला घाणा आधीचा होता. दुसऱ्या घाण्याच्या चाळीस लाद्या पाच वाजून पाच मिनिटांनी भट्टीतच होत्या, फुगून राह्यल्या होत्या. कोणत्या फळीवर कोणत्या होत्या तेबी मले माहीत होतं. हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. आता तुमाले सांगून राह्यली.

मी पाव वाटत फिरली. माणसं मसणवटीतून वापस आले, त्यायले देल्ला. लिंबाचा पाला तोंडात घालून थुंकला अन मंग चहात पाव बुडवून खाल्ला सगळ्यांनी, आंगणात, गल्लीत, ओट्यावर, जिथं सावली भेटली तिथं बसून. एक म्हातारा म्हणे, आज जास्तच मऊ निघाला. फळ्या एक-एक करून मोकळ्या होत गेल्या. सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, मी मनात मोजून राह्यली होती, काहून मोजत होती काय मालूम, सवय. ऐंशीवी लादी मी सोता तोडून देल्ली. माह्या दोन वर्षांच्या तक्त्यात दुसरा दिवस असा नाही का एकबी लादी इकली नाही अन एकबी उरली नाही. तोच एक दिवस.

मंग मुकेश आला. ओल्या कपड्यानं, सगळ्यांच्या मांगून, अन त्याच्यासंगं माहा बा. सकाळपासून दोघायच्या पोटात काहीच नव्हतं. ललिताबाई दोन कप घेऊन आली अन मले म्हणे, "वैभवी, पाव हायेत का अजून? दोन लाद्या काढ."

मी फळ्यांकडं पाह्यलं. तोंडात शब्द आला होता, संपले. अन पिठाचा तो हात माह्या तोंडावर आला जसा काही.

"वाढले," मी म्हणली.

अन ते तोंडातून निघालं तवा मले समजलं. तवा, अडीचशे लोकांच्या मधात उभी राहून, हातात रिकामी फळी घेऊन. मंगळवारचं सारं बोलनं पुन्हा आयकू आलं मले, श्वासासगट. मी खालीच बसली. ललिताबाईनं कप बाजूले ठेवले अन माह्या डोक्यावर हात ठेवला. ती इतकंच म्हणे, रडून घे. तिले मंगळवारीच समजलं होतं.

मुकेशले मी दुसऱ्या दिवशी इचारलं. इचारू नये असं वाटत होतं, तरी इचारलं. म्हणली, बुधवारी ती हासली म्हणला तू, मंग काही बोलली का? तो सांगाले तयार नव्हता. मी हातच धरला त्याचा. तवा म्हणे, मी आईले म्हणलं होतं, वैभवीले पुन्हा फोन लावतो अन नीट सांगतो, का आई दुकान वाढव म्हणून राह्यली, पाव नाही, अन तुले बोलावून राह्यली. तं आई म्हणे, "राहू दे. पोट्टी कामात हाय."

बुधवारी दुपारी म्हणली ती हे. वाशिमची गाडी दोन तासाची हाय, व. चारच्या गाडीनं निघाली असती तं सहाले तिच्याजवळ असती. पीठ खराब झालं असतं, एवढंच.

आता महिना होऊन गेला. रंगराव रोज खिडकीसमोरून जाते अन काही न इचारता नुसता पाहते. मुकेश म्हणे, तुले पायजे तं तू चालव, नाहीतं भट्टी पाडून टाकू, तू म्हणशीन तसं. त्याले काय सांगू. तू काल म्हणली, वाढव, अन मी उठून घरी गेली, तं पहिले फळीवरची वाटी सरळ केली. बरणी घेऊन खिडकीत बसली, चार वाजले होते, तिचीच वेळ. रंगरावच्या दहा, म्हणली मनात, अन चिंचोका हातात घेतला. बसून राह्यली तशीच अंधार पडेपर्यंत. एकबी टाकता नाही आला. गल्लीतून बाया गेल्या, कोणी म्हणलं, काय व वैभवी, सुरू करून राह्यली का. मी हातातला चिंचोका बरणीत टाकला.

मंग खिडकी लावली. वाटी रिकामीच होती तरी धुतली, पुसली अन पालथी ठेवली.